कोरम झाला नाही

सव्वीस वर्षांचा असताना मी एका गावच्या बलदियेत मुन्शी होतो. बलदिया म्हणजे आताची नगरपालिका. गाव नांदेड आणि लातूरच्या मधलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण त्या माणसांची नातवंडं अजून तिथं राहतात. राज्य निजामाचं होतं. ते लवकरच जाणार आहे, हे तेव्हा आमच्यापैकी कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला घरी नेऊन झोपवलं असतं.

माझं काम सोपं होतं. कमिटीची बैठक झाली की कोण काय बोललं, कुणी हात वर केला, काय ठरलं, ते उर्दूत एका जाड वहीत उतरवायचं. मेंबर मराठीत बोलायचे, मी उर्दूत लिहायचो. सदरसाहेब उर्दूत बोलायचे, ते मी मेंबरांना मराठीत सांगायचो. सदरसाहेब म्हणजे कमिटीचे अध्यक्ष. ते निवडून येत नसत. गावाचा जो तहसीलदार, तोच आपोआप सदर. वरून हुकूम आला की बदलून येणार, हुकूम आला की जाणार. कमिटीनं काहीही ठरवलं तरी खाली त्यांची सही पडल्याशिवाय त्याला कागदापलीकडे किंमत नव्हती.

बरीच वर्षं याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मेंबर सगळे सरकारनं नेमलेले. बैठकीला यायचे, पान खायचे, सदरसाहेबांनी काही म्हटलं की "बेशक" म्हणायचे आणि घरी जायचे. माझी रूदाद, म्हणजे बैठकीची नोंद, पाऊण पानात संपायची.

मग त्या वर्षी पहिल्यांदाच काही जागा मतांवर भरल्या. मत देणारे तरी किती, वकील, व्यापारी, जमीनदार, बस. पण पाच मेंबर निवडून आले, आणि त्यांचे पुढारी होते माझे सासरे.

ते वकील होते. आवाज बारीक, पण कायद्याची कलमं तोंडपाठ. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला जावईबापू. माझं लग्न होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पहिलं मूल आम्हाला दोन वर्षांपूर्वी झालं होतं आणि त्याच दिवशी गेलं होतं. बायको दीड दिवस अडली होती. गावात सरकारी दवाखाना होता, डॉक्टर होते, पण बायका पुरुष डॉक्टरपुढे जात नसत आणि शिकलेली सुईण जवळपास कुठंच नव्हती. मामांनी आणि मी ते सगळं बाहेरच्या ओट्यावर बसून ऐकलं होतं. त्यावर पुढे आम्ही कधी बोललो नाही.

नव्या कमिटीच्या पहिल्या बैठकीत सदरसाहेबांनी उभं राहून भाषण वाचलं. सरकारची मेहेरबानी, रयतेची वफादारी, असं बरंच. वाचून झाल्यावर रिवाजाप्रमाणे मेंबरांनी उभं राहून शुक्रिया म्हणायचं असतं. नेमलेले चारजण उठले. निवडून आलेले पाच बसून राहिले.

मामा बसूनच म्हणाले, "भाषण आम्हाला नीट कळलं नाही. मराठीत वाचून दाखवावं."

मी सदरसाहेबांकडे पाहिलं. ते हैदराबादचे, पिढ्यान्‌पिढ्या नोकरीत असलेल्या घराण्यातले. शेरवानीचं वरचं बटणसुद्धा कधी उघडं नसायचं. त्यांना मराठी कळत होती, पण ते तसं दाखवत नसत. शांतपणे म्हणाले, "वकीलसाहब रोज अदालतीत उर्दूत बहस करतात. इथं आल्यावर विसरले का?"

"मी विसरलो नाही," मामा म्हणाले. "पण ज्यांनी मला पाठवलं त्यांना येत नाही."

मी ते भाषण मराठीत सांगितलं. संपल्यावरही ते पाचजण उठले नाहीत. त्या दिवसापासून त्या खोलीत लढाई सुरू झाली आणि मी दोन्ही बाजूंच्या मधोमध वही घेऊन बसलो.

दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीत मामांनी ठराव आणला: दवाखान्यात एक शिकलेली नर्सबाई नेमावी आणि बाळंतपणासाठी एक खोली बांधावी. त्यांनी कायदा सांगितला, गावाची गरज सांगितली. स्वतःच्या मुलीचं नाव काढलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मी खाली मान घालून लिहीत होतो.

सदरसाहेब निश्चिंत होते. नेमलेले चार त्यांचे, पाचवं मत स्वतःचं, आणि मतं सारखी पडली असती तर त्यांचं जास्तीचं मत होतंच. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा नेमलेल्यांमधले हकीमसाहेब उठले. वय सत्तरीच्या पुढे, पांढरी दाढी, गुडघे धरलेले. त्यांच्या दवाखान्यात आमच्या घरच्या तीन पिढ्यांनी काढे घेतले होते.

"मी चाळीस वर्षं पडद्याआडून बायकांची नाडी बघतोय," ते म्हणाले. "बाळंतपणात नाडी बघून काय उपयोग? नाडी गेली एवढंच मला कळतं." आणि त्यांनी हात वर केला.

सहा हात झाले. ठराव मंजूर झाला. मी लिहिला आणि सहीसाठी वही पुढे सरकवली. सदरसाहेबांनी वही वाचली, दौतीला टोपण लावलं आणि म्हणाले, "लिहा, जेरे-गौर."

म्हणजे विचाराधीन. नाही म्हटलं तर वर अपील करता येतं. हो म्हटलं तर नर्स येते. जेरे-गौर म्हटलं की दोन्ही होत नाही.

पुढच्या चार महिन्यांत कमिटीनं पाच ठराव केले. पाचही जेरे-गौर. मामा प्रत्येक बैठकीत विचारायचे, "विचार कुठपर्यंत आला?" सदरसाहेब म्हणायचे, "चालू आहे." हीच दोन वाक्यं मी इतक्या वेळा उर्दूत लिहिली की बोटांना सवय झाली.

मग सुभेदार येणार अशी खबर आली. सुभेदार म्हणजे कित्येक जिल्ह्यांवरचा अधिकारी. सदरसाहेबांना वेशीवर पक्की कमान बांधायची होती, रंगीत, वर निशाण. त्याला मात्र कमिटीची मंजुरी लागत होती. त्यांनी प्रस्ताव मांडला. मामांनी तो पूर्ण ऐकला आणि म्हणाले, "आमचंही यावर गौर चालू आहे."

व्यापारी मेंबर मोठ्यानं हसला. सदरसाहेब हसले नाहीत. कमान सहा विरुद्ध चार मतांनी पडली. बैठक उठल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

"मुन्शीजी, तुम्हाला वाटत असेल मी नर्सच्या विरुद्ध आहे."

मी वही बांधायला घेतली.

"मला चार मुली आहेत. आज नर्स दिली तर उद्या शाळा मागतील. परवा विचारतील, या खुर्चीवर हा माणूस कुणी बसवला. वकीलसाहबांना नर्स नकोय, ही खुर्ची हवीय."

हे त्यांना खरंच वाटत होतं. आणि पुढे मला कळलं की ते अगदीच खोटंही नव्हतं. मामांना ती खुर्ची हवी होती. पण त्यांना नर्सही हवी होती, आणि ते मला माहीत होतं तसं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर सदरसाहेबांनी नवी वाट काढली. सलग तीन बैठका कोरमअभावी, म्हणजे पुरेसे मेंबर न आल्यानं, झाल्या नाहीत तर कमिटी बरखास्त करावी अशी शिफारस त्यांना करता येत होती. पहिली बैठक त्यांनी मामा नांदेडला अदालतीत गेले होते त्या दिवशी बोलावली. चपराशी नोटीस घेऊन मेंबरांच्या घरी पोचला तेव्हा वेळ होऊन गेली होती. दुसरी बोलावली तेव्हा व्यापारी मेंबर कापूस घेऊन लातूरला गेले होते आणि बाकीच्यांना नोटीस पुन्हा उशिराच मिळाली. नेमलेले तिघे आले, बसले, निघून गेले. दोन्ही वेळा मी लिहिलं, कोरम झाला नाही. दोन्ही वेळा ते खरं होतं.

मामांनी डाव ओळखला. सहाजणांनी सह्या करून लेखी मागणी दिली की बैठक अमुक दिवसांत बोलवा. ती कायद्यातच होती, टाळता येत नव्हती. सदरसाहेबांनी सोमवारी सकाळी नऊची वेळ दिली. मला वाटलं, सुटलो.

रविवारी दुपारी त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं. व्हरांड्यात वाळ्याचा पडदा सोडलेला होता. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. तशी ते कधी देत नसत.

"बलदियेच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे, हुजूर."

"उद्या ती तुमच्याकडेच राहू द्या. साडेआठला तुम्ही कचेरीत या. माझ्यासमोर बसा. दहाला आपण रूदाद लिहू."

मला समजलं. समजलं नाही असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आलो, पण मला त्याच क्षणी समजलं. मी "जी हुजूर" म्हणालो आणि उठलो.

कचेरी आणि बलदियेची खोली समोरासमोर होत्या, मध्ये एक मोकळं मैदान. सोमवारी मी सदरसाहेबांच्या टेबलापाशी बसलो तिथून खिडकीतून ती खोली, तिचा ओटा आणि दारावरचं कुलूप दिसत होतं. पावणेनऊला मामा आले. मग व्यापारी, मग बाकीचे. त्यांनी कुलूप हलवून पाहिलं. चपराशाला विचारलं. चपराशी म्हणाला असणार, किल्ली मुन्शीजींकडे. नेमलेले बाकीचे तिघे आलेच नाहीत; सगळ्यात शेवटी हकीमसाहेब टांग्यातून उतरले. त्यांना उभं राहवत नव्हतं, ते पायरीवर बसले. ऊन तिथं सरळ येत होतं. कुणीतरी त्यांच्या डोक्यावर उपरणं धरलं.

साडेनऊ झाले. मामांनी मैदान ओलांडलं आणि कचेरीच्या खिडकीखाली आले. मी आत, ते बाहेर. मध्ये गज.

"जावईबापू, किल्ली द्या."

सदरसाहेब समोर कागद चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

किल्ली माझ्या खिशात होती. हात तिच्यावरच होता. मी म्हणालो, "साहेबांचा हुकूम नाही."

मामांनी गजावरचा हात काढला. मग ते वळून गेले. त्यांनी ओट्यावरच बैठक घेतली. सहाजण कुलपासमोर बसले, मामांनी साध्या कागदावर मराठीत लिहिलं, सहाजणांनी सह्या केल्या. मला इकडून सगळं दिसत होतं. दहाला सदरसाहेबांनी मजकूर सांगितला आणि मी वहीत लिहिला: आज मुकर्रर वेळी एकही मेंबर हजर नव्हता. कोरम झाला नाही. तिसरी बैठक.

त्यांनी लगेच सही केली. नव्या कमिटीच्या वहीतली त्यांची ती पहिली सही.

घरी गेलो तेव्हा बायकोला सगळं कळलेलं होतं. मामांनी स्वतः येऊन सांगितलं होतं आणि पाणीसुद्धा न घेता गेले होते. ती चुलीपुढून उठली नाही.

"त्या वहीत काय लिहिलं तुमी?"

"जे सांगितलं ते."

"मला उर्दू येत न्हाई. मराठीत सांगा."

"काय करायचंय तुला?"

"मेंबर लोकान्‌ला मराठीत सांगता ना? मग मला बी सांगा."

मी सांगितलं. एकही मेंबर हजर नव्हता. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे माझा बाप तिथं न्हवताच."

मी टोपी खुंटीला अडकवली.

"नर्सबाईचा कागद होता तो. तुमाला ठाव हाय ना कशासाठी होता?"

"माहीत आहे."

"आन्‌ तुमी खिशात किल्ली धरून बसून राहिलात."

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं ताट वाढलं, माझ्यापुढे ठेवलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसली. नोकरी गेली तर आपण खायचं काय, हा माझा मुद्दा होता आणि तो मी भिंतीकडे तोंड करून दोन-तीनदा बोललो. त्यानंतर आमच्या घरात महिनाभर कामापुरतंच बोलणं झालं. "पीठ संपलं." "आणतो." असं.

बाजारात लोक मला वाट सोडून द्यायला लागले. एकदा मामा समोरून आले. मी नमस्कार केला. ते थांबले, हात जोडले आणि म्हणाले, "आदाब अर्ज, मुन्शीजी." बरोबरचे लोक हसले. मी तसाच घरी परतलो.

मामांनी जिल्ह्याला तक्रार केली. ओट्यावर लिहिलेला तो कागद त्यासोबत जोडला. दीड महिन्यानं जिल्ह्याहून तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे मोठे साहेब, चौकशीला आले. चौकशी बलदियेच्याच खोलीत झाली. एका बाजूला सदरसाहेब, एका बाजूला सहा मेंबर, आणि टेबलावर दोन कागद: माझी वही आणि मामांचा कागद. एकात लिहिलं होतं सहाजण हजर होते, एकात लिहिलं होतं कुणीच नव्हतं.

मला बोलावलं. येताना मी ठरवून आलो होतो की जे लिहिलं तेच सांगायचं. नोकरी होती, ती टिकवायची होती.

तालुकदारांनी विचारलं, "हे हस्ताक्षर तुमचं?"

"जी."

"त्या दिवशी या खोलीत कुणी आलं होतं?"

प्रश्न असा होता की मला खोटं बोलावंही लागलं नसतं. खोलीत खरंच कुणी आलं नव्हतं. सदरसाहेब माझ्याकडे बघत होते, जरासे हसऱ्या चेहऱ्यानं, जसं मदत करणाऱ्याकडे बघतात. आणि त्या बघण्यानंच मला लाज वाटली. मामांच्या "आदाब अर्ज"नं, बायकोच्या गप्प राहण्यानं जे झालं नव्हतं, ते त्या हसण्यानं झालं. मी त्यांचा माणूस आहे असं त्यांना वाटत होतं.

"खोलीत कुणी येऊ शकलं नाही, हुजूर," मी म्हणालो. "कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात होती. सहा मेंबर ओट्यावर होते, साडेदहापर्यंत. हकीमसाहेब पायरीवर बसले होते. मी कचेरीच्या खिडकीतून बघत होतो."

"मग हे का लिहिलं?"

"मला सांगितलं म्हणून."

"कुणी?"

मी सदरसाहेबांचं नाव घेतलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एवढंच. मग तालुकदारांना म्हणाले, "हा वकीलसाहबांचा जावई आहे. हे आपल्या ध्यानात असावं." तेही खरं होतं.

निकाल पंधरा दिवसांनी आला. खोटी रूदाद लिहिल्याबद्दल मी बरतर्फ. ती कुणाच्या हुकुमानं लिहिली यावर निकालात एक ओळही नव्हती. कमिटीत आणि सदरात सलोखा राहिलेला नाही, सबब कमिटी बरखास्त. नवी कमिटी सगळी सरकारनं नेमलेली. सदरसाहेबांची काही महिन्यांनी बदली झाली, चांगल्या ठिकाणी झाली म्हणतात. जाण्यापूर्वी त्यांनी वेशीवर कमान उभी केली. सुभेदारांची मोटार तिच्याखालून न थांबता गेली, असं मला नंतर चपराशानं सांगितलं. नर्सबाई काही आली नाही. ती फार पुढे, राज्य बदलल्यावर आली.

हकीमसाहेब नव्या कमिटीत नव्हते. त्यांच्या मुलाचं सरकारी कंत्राट त्याच महिन्यात बंद झालं. मी एकदा त्यांच्याकडे माफी मागायला गेलो. त्यांनी नेहमीसारखी नाडी बघितली, पचनाचं चूर्ण दिलं आणि म्हणाले, "बेटा, मी हात वर केला तेव्हा तुला विचारून केला नव्हता. जा." मला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

गावात माझ्यासाठी काम उरलं नव्हतं. मी अर्जनवीस झालो असतो, कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिले असते, पण त्याच कचेरीच्या खिडकीसमोर बसायची हिंमत झाली नाही. आम्ही लातूरला आलो. तिथं एका कापसाच्या कारखान्यात पत्रव्यवहाराचं काम मिळालं. बायको बरोबर आली. निघताना मी तिला विचारलं, "बापाकडे राहायचंय का?" ती म्हणाली, "न्हाई. चला." मी चौकशीत जे बोललो त्याबद्दल ती एकदाच बोलली, मोटारीत बसल्यावर: "आधीच बोलला असता तर." वाक्य तिनं तिथंच सोडलं.

पुढच्या वर्षी ती गरोदर राहिली. लातुरात शिकलेली सुईण होती. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी गावाकडे चिठ्ठी पाठवली आणि मामा आठव्या दिवशी, पेट्रोलच्या टंचाईत कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं आले, अंगभर काजळी घेऊन. त्यांनी हातपाय धुतले, नातीला मांडीवर घेतलं, लेकीशी तासभर बोलले. बरखास्तीवर हैदराबादला अपील केलंय, आता तिथंही जेरे-गौर आहे, असं सांगून स्वतःच हसले. सुईणीला बोलावून घेऊन ती कुठं शिकली, किती वर्षं शिकली, गावात यायला तयार होईल का, असं सगळं विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं.

माझ्याशी ते जेवताना बोलले. घास हातात धरून म्हणाले, "गवाही चांगली दिलीत. उलटतपासणीत टिकली असती."

मी म्हणालो, "मामा, मी त्या दिवशी..."

"ते राहू द्या," ते म्हणाले. "मी वकील आहे. माणूस खुर्चीसमोर काय करतो ते रोज बघतो. पण हकीमसाहेब उन्हात बसले होते."

"हो."

"तुम्हाला दिसत होतं."

"दिसत होतं."

त्यांनी ताक मागितलं. बायकोनं आणून दिलं. अड्ड्यावरून मोटारीचा भोंगा ऐकू आला तसे ते उठले, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पायऱ्या उतरले. मी त्यांची पिशवी घेऊन अड्ड्यापर्यंत मागोमाग गेलो. मोटारीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मी त्यांच्या हातात पिशवी दिली.